अकरावं नाव

गोलंदाजीला निघताना तो मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या तळहातावर ठेवायचा. "बाई, सांभाळा. आत्ता आलोच."

मुलांनो, तुमचा तो बेसबॉलचा लाडका खेळाडू खांद्याच्या दुखण्यानं वर्षभर घरी बसलाय. तो परत चेंडू फेकणार का, असं अमेरिकेतून दर फोनला विचारता. मला काय कळणार? पण तुम्ही विचारलंत की आमच्या औरंगाबादच्या कचेरीतला हा माणूस डोळ्यांसमोर येतो.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. हेडक्लार्कना अजून 'बडे बाबू'च म्हणत. तेच आमच्या क्रिकेट संघाचे कप्तान. मी टाइपिस्ट, अक्षर सरळ म्हणून सामन्याच्या धावाही मीच लिहायची. तो कालव्यांचे नकाशे ट्रेस करायचा. खुलताबादहून रोज एस.टी.नं यायचा. कागदावर इतका हळुवार हात चालवणारा माणूस मैदानात चेंडू असा सोडायचा, की समोरचा फलंदाज आधी स्वतःचे पाय वाचवी.

एका रविवारी चेंडू सुटला आणि तो खांदा धरून खालीच बसला. हात पुढे टेबलावर चालला, पण डोक्याच्या वर जाईना.

तरी दर शनिवारी मी यादी टाइप करायची आणि बडे बाबू बजावायचे, "अकरावं नाव त्याचंच. काटायचं नाही. काय वाटेल त्याला?" त्याला विचारलं की तो म्हणे, "खांद्याला विचारून सांगतो." आम्ही हसायचो आणि रविवारी दहाच जण खेळायचे. समोरचे संघ चिडवत, "तुमचा अकरावा गडी बाईंच्या टाइपरायटरात राहतो का?"

अशी दोन वर्षं गेली.

मग एका शनिवारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाई, माझं नाव काढा."

"बडे बाबूंना विचारा."

"ते नाय ऐकत. लई जीव लावतात. पण यादी फळ्यावर लागली की साहेबापासून कंडक्टरपर्यंत सगळे विचारतात, उद्या टाकणार का? घरी आई सामन्याचा डबा भरून ठेवते. मी खांद्याला विचारतो, बाई. तो काय बोलतच नाय."

त्याचं मन राखतोय असं आम्हाला वाटत होतं. दर आठवड्याला तेच दुखवत होतो.

मी कागद चढवला आणि अकराव्या ओळीवर दुसरं नाव टाइप केलं. बडे बाबूंना न विचारता केलेलं नोकरीतलं ते माझं एकमेव काम. त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला, सही केली.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला. खांदा दुखावल्यापासून पहिल्यांदाच. डबा उघडून माझ्या शेजारी बसला आणि सगळ्यांना धपाटे वाटले. जेवणानंतर खेळ सुरू झाला, तसा त्यानं घड्याळाचा पट्टा सोडला. मी सवयीनं हात पुढे केला. बडे बाबू चेंडू हातात घेऊन जागच्या जागी थांबले.

त्यानं घड्याळ कानाशी धरलं, सावकाश किल्ली दिली आणि परत मनगटावर बांधलं.

"टाका, बडे बाबू," तो ओरडला, "बघायला आलोय."