मंदाकाकूचं कमीजास्त

“मंदावहिनीला दिवासुद्धा मंदच लागतो,” आत्या स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली, आणि भांड्यांच्या आवाजात दोघीतिघी हसल्या. मी दाराबाहेर रिकामे कप घेऊन उभी होते. आत जावं की परत फिरावं, ते मला ठरवता येईना. शेजारच्या खोलीत काकू डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती. तिलाही ते ऐकू गेलं होतं. ती पडल्या पडल्याच म्हणाली, “खरं हाय की. भडक मला लुगड्यात चाललं न्हाई, उजेडात कसं चालंल?” आत पुन्हा हसली ती फक्त आत्या, पण या वेळी जरा बेतानं.

मंदाकाकू माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती खालच्या मजल्यावर, आम्ही वर. माहेर झरी गावचं, त्यामुळे परभणीत उभा संसार करूनही तिचं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ सुटलं नाही. तिला अर्धशिशी होती. कपाळाची एक बाजू ठणकायला लागली की उजेड तिला टोचायचा. म्हणून काकांनी तिच्या खोलीतल्या पिवळ्या बल्बला एक गोल बटण बसवून दिलं होतं, फिरवलं की उजेड कमी, उलट फिरवलं की जास्त. डिमर हा शब्द तिने ऐकला असेल, पण स्वतः ती त्याला कमीजास्तच म्हणायची. काका गेले तरी ते बटण राहिलं.

तिच्याकडे उजेडाची मापं होती. तांदूळ निवडायचा उजेड वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, पडायचा वेगळा. आणि एक बोलायचा उजेड होता, ज्यात समोरच्याचं तोंड दिसतं पण नजर बोचत नाही. मी खाली गेले की ती बटण बरोबर तिथे आणून ठेवायची. मी घरात कमी बोलते, पाहुण्यांसमोर तर नाहीच. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मला शिष्टपणा आला असं नातेवाइकांना वाटायचं. काकूनं असलं काही कधी म्हटलं नाही. कॉलेजात माझा वर्ग मला का आवडत नाही, हे मी घरात फक्त त्या खोलीत सांगितलं आहे.

मग तो पिवळा बल्ब गेला. दादानं, म्हणजे काकूच्या मुलानं, तोवर सगळ्या घरात पांढरे एलईडी लावले होते. त्यानं आईच्या खोलीतही लावला. बटण फिरवलं तर दिवा निम्म्यापर्यंत उतरायचा आणि तिथून एकदम विझायचा. काकू मला घेऊन स्टेशन रोडला निघाली. तिला खोक्यावरचं इंग्रजी वाचणारं कुणीतरी हवं होतं. मी वाचून तिच्या कानात सांगायची आणि ती ते दुकानदाराला मोठ्यानं ऐकवायची. पहिल्या दुकानात “लाइटला कुठं रेग्युलेटर असतो का मावशी, पंख्याचा देऊ का?” म्हणून हसले. दुसऱ्यानं डिमरवर चालणारा महागाचा बल्ब दिला, पण त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सगळ्याच डिमरवर चालेल असं नाही. तिसरा म्हणाला, “अम्मा, बल्ब अच्छा है, तुम्हारा बटनच पुराना है.” नवं बटण आणलं. मग बटणवाला बल्बला नावं ठेवायला लागला. ऑनलाइन मागवलेलंही परत गेलं. “दोघंबी चांगल्या घरचे,” काकू म्हणाली, “पर पत्रिका जुळंना.”

त्यातली एक जोडी बरी निघाली. दिवा खाली उतरला, विझला नाही, पिवळाही होता. दादा खूश झाला. काकू थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “थरथरायलाय.” दादाला काही दिसेना, आत्याला दिसेना. मी खुर्चीवर चढून जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. दिवा स्थिर होता. “तुला दिसतंय का गं?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. “बरं हाय मग. न दिसल्यालंच बरं.” दुसऱ्या दिवशी तिचं कपाळ ठणकलं, आणि मग ठणकतच राहिलं.

तिनं तो दिवा बंद केला आणि खोलीत समई लावून बसायला लागली. दादा वैतागून म्हणाला, अगं, समईची ज्योत तर दिसेल इतकी हलते, ती बरी चालते तुला? त्यावर ती म्हणाली, “ज्योत हलती ती श्वास घेतल्यागत. ह्यो हुडहुडी भरल्यागत हलतो.” मला ते लगेच कळलं. दादाला ते बोलणं बरं लक्षण वाटलं नाही. एका संध्याकाळी समईवर पदराचं टोक जळलं. दादानंच धावत जाऊन विझवलं, समई उचलून ठेवली आणि खोलीत पुन्हा पांढरा एलईडी लावला. तो वाईट मुलगा नव्हता. काही कमीजास्त झालं तर लोक मला काय म्हणतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तो तिला नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. कुणालाच दिसत नाही, मला एकटीला दिसतं, असं ती तिथे सरळ सांगून आली. गोळ्या सुरू झाल्या. काकू दुपारभर झोपायची आणि उठली की पांढऱ्या दिव्याखाली बसून राहायची, डोळे उघडे ठेवून. उजेड कमी कर म्हणायची नाही. मी समोर बसले तर माझ्याकडे बघून हसायची, पण ते हसू उशिरा यायचं, जणू माझं वाक्य तिच्यापर्यंत फार लांबून चालत आलं आहे. आत्यानं तो विनोद नंतर कधी केला नाही.

पुढे गोळ्या सुटल्या. काकू पूर्णेला भावाकडे राहायला गेली, आणि गेल्या वर्षी तिथेच वारली. मला मात्र सारखी आठवते ती नांदेडची दुसरी खेप. मला सोबत नेलं होतं ते बसमध्ये तिला धरायला. दादानं सांगितलं की आता बरं आहे, दिव्याचं काही म्हणत नाही. डॉक्टर घाईत नव्हते. त्यांनी काकूलाच विचारलं. तिनं आधी दादाकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाली, “न्हाई काही.” डॉक्टर लिहायला लागले. गोळी आणखी सहा महिने चालू ठेवू, म्हणाले. मग पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला दिवा हलताना दिसतो का?

“ही फारशी बोलत नाही,” दादा माझ्याबद्दल म्हणाला.

काकूचा हात माझ्या हातात होता. तो जड होता, झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

“मला नाही दिसत,” मी म्हणाले. “पण काकूला दिसतो.”