नकाशात नदी अर्धी कोरडी

परवा सकाळी उद्यमबागेतल्या ऑफिसात नकाशा उघडून बसले होते. दुपारी पुराच्या तयारीची मीटिंग, आणि माझ्याच नकाशात माझं आजोळ पिवळं दिसत होतं...

मी जीआयएसमध्ये आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करते. आमच्या नकाशातला प्रत्येक मोठा चौकोन बारीक चौकोनांनी भरलेला असतो. पूर आला तर त्यातले किती बुडतील, याचं प्रमाण काढायचं. अर्ध्याहून जास्त बुडत असतील तर मोठा चौकोन लाल, नाहीतर पिवळा. आणि पावसाआधी बोट मिळणार होती ती फक्त लाल चौकोनातल्या गावांना.

आजोळ निपाणीकडचं, दूधगंगेच्या अगदी काठावर. नदी म्हणजेच राज्याची हद्द, पलीकडचा काठ महाराष्ट्र. मागच्या पुरात मामा-मामी शाळेच्या गच्चीवर अडकले होते, मामीला दमा आणि औषध खाली घरात... आणि ते गाव पिवळं?

त्यात मामाचा फोन. "काय गं, आमच्याकडं बोट येणार न्हवं? मामी सारखी इचारतीया." बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांना सांगितलं. सर घरात कन्नड बोलणारे, पण मराठी आपल्यासारखंच. म्हणाले, "आजोळ हाय म्हणून लाल केलीस म्हणतील की गं. आधी चूक दाखव." खरंच होतं त्यांचं. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता... चूक आहे, की ती असावी असं मला वाटतंय?

मग डोक्यात आलं, जिथे कुणी वादच घालणार नाही असा चौकोन बघू. भर नदीपात्रातला. तो उघडला. पुराच्या नकाशात नदीच अर्धी कोरडी!

तेव्हा उलगडा झाला. कुठलाही लेयर, म्हणजे नकाशाचा थर, आला की आधी राज्याच्या हद्दीवर कापायचा, ही आमच्याकडची सवयच. पलीकडचा तुकडा दिसला की मीटिंगमध्ये पूर राहतो बाजूला आणि सीमेवरून भांडण सुरू होतं... कापलेल्या रिकाम्या जागेत शून्य भरलं गेलं होतं, आणि शून्य म्हणजे कोरडं. काठावरच्या प्रत्येक चौकोनाचं पाणी असं निम्म्यावर आलं होतं.

न कापलेला मूळ लेयर घेतला आणि प्रमाण पुन्हा काढायला लावलं. ते होईपर्यंत मी नुसती नखं खात होते. सरांनी आधी नदीचा चौकोन बघितला, पूर्ण ओला. मग आजोळ... लालभडक! मी चक्क टाळी वाजवली, सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

मीटिंगमध्ये आधी नदीचाच चौकोन दाखवला. वाद झालाच नाही, बोट मंजूर झाली. बाहेर येऊन मामाला फोन लावला, म्हटलं, मामा, गाव लाल झालं, बोट येणार!

मामा हळूच म्हणाला, "म्हंजे औंदा बी पाणी शाळंपतोर येनार म्हण की."

मघाशी मी टाळी वाजवली ती गाव बुडणार म्हणून, हे तेव्हा कळलं...

बोट येतेय, मामीचं औषध आता शाळेतच ठेवायचं ठरलंय, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बाकी एवढ्या जिवाच्या आकांताने बरोबर केलेला हा नकाशा यंदा साफ खोटा ठरू दे, एवढंच मागणं आहे.