चाकाखालचा ठोकळा

माझ्या मावशीला समोरच्या माणसाचा चष्मा वाकडा बसलेला सहन होत नाही. चष्म्याच्या दुकानात जन्म घालवल्याचा हा परिणाम. लग्नाचा मांडव असो की बँकेतली रांग, ती बिनदिक्कत हात पुढे करते, अनोळखी माणसाच्या नाकावरचा चष्मा काढते, दांडी जराशी वाकवून पुन्हा बसवते आणि "आता बघा," म्हणून पुढे जाते. तो बिचारा आ वासून बघत राहतो, पण नीट बघत राहतो. अशा या बाईने स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक मात्र बिघडलेलाच का ठेवला असेल, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं.

गाडी जुनी आहे. माझी मावसबहीण शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली, आणि आता ती बहीण स्वतःच्या मुलीला शाळेत सोडते. पूर्वी गाडी काका चालवायचे. काका म्हणजे मावशीचे यजमान, शाळेत खेळाचे शिक्षक. आवाज असा खणखणीत, की शिट्टी नुसती शोभेला. घरातला गळका नळ, अडकणारं दार, गेलेला दिवा, सगळं तेच बघायचे. स्क्रू ड्रायव्हर कुठल्या खणात असतो हेही मावशीला ठाऊक नव्हतं.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात निकामी झाला, डावा पाय ओढत चालावं लागे, आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. काकांनी बोलणंच सोडलं. खुर्चीत बसले ते बसलेच. तहान लागली तरी पाणी मागायचे नाहीत. मावशी म्हणते, तेव्हा घरात दोन माणसं होती आणि बोलायचा फक्त फ्रिज.

त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून मावशी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. रागारागाने शिकली. क्लच सोडताना ती अजूनही कोणाला तरी धडा शिकवत असते.

त्यांचं घर चढावर आहे. एके दिवशी दवाखान्यातून परतल्यावर मावशीने दारात गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि काकांना उतरवायला म्हणून आपलं दार उघडलं, तर गाडी मागे सरकायला लागली. तिने घाईघाईने ब्रेकवर पाय दाबला. गिअरबिअर सगळं विसरली. आता पाय काढता येईना आणि उतरता येईना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेव्हा काकांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. कोणी हात दिलेला नसताना उभे राहिले, गाडीच्या छताला धरत धरत मागे गेले, कुंपणाशी पडलेला लाकडाचा ठोकळा उजव्या हाताने उचलला, मागच्या चाकाखाली सारला, पायाने ठोकून बसवला आणि डिकीवर दोनदा ठकठक केलं. म्हणजे लागला, आता पाय काढ.

"झटक्यानंतर त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं काम," मावशीने मला सांगितलं. "त्या दिवशी जेवताना त्यांनी तोंडाने आमटी मागून घेतली. आता तूच सांग, कशाला दुरुस्त करू मी हँडब्रेक?"

तेव्हापासून ठोकळा काकांच्या सीटखाली राहायला आला. गाडी थांबली की मावशी उगीच आपला हँडब्रेक ओढायची, तो कर्रर्र करत शेवटपर्यंत वर यायचा आणि काहीही धरायचा नाही. मग ती म्हणायची, "अहो, लावताय ना?" काका उतरायचे. ठकठक झाली की हिचा पाय निघायचा.

पण गाडीचं दुखणं एवढंच नव्हतं. मागचे शॉकअब्सॉर्बर पार गेले होते. चाक खड्ड्यात गेलं की धाडकन आवाज व्हायचा आणि काकांच्या डाव्या खांद्यातून कळ जायची. ते बोलायचे नाहीत, फक्त उजव्या हाताने डावा हात आवळून धरायचे. मावशीने उशी ठेवून पाहिली, खड्डे चुकवून पाहिले, खड्ड्यांना शिव्या घालून पाहिल्या. शेवटी गाडी गॅरेजमध्ये टाकली, आणि निघताना मेकॅनिकला बजावलं, "मागचं सस्पेन्शन कर. हँडब्रेकला हात लावायचा नाही."

गाडी आणायला मी तिच्याबरोबर गेले होते. मेकॅनिक हात पुसत, खुशीत पुढे आला. "मावशी, गाडी आता लोण्यासारखी चालेल. आणि चाकं काढलीच होती, तर हातासरशी हँडब्रेकची केबलही बदलली."

"तुला नको म्हटलं होतं ना मी?"

"अहो, दोन तारांवर लटकली होती ती! घर चढावर आहे तुमचं. उद्या काही झालं असतं तर?"

"मग परत सैल कर."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मावशीने त्याचाही चष्मा काढून सरळ केला, पण जरा जोरातच.

"तुम्ही ओढूच नका हवं तर," तो शेवटी म्हणाला, "पण चांगला ब्रेक बिघडवून मी देणार नाही. मलाही आई आहे."

तो बरोबर होता, आणि हे मावशीला कळत होतं, म्हणूनच ती जास्त चिडली. परतताना एका वळणावर तिने गाडी बाजूला घेतली आणि डोळे पुसले. "त्यांना कळलं ना, की आता ठोकळ्याची गरज नाही, तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील," ती म्हणाली. "मला नाही परत बघवणार ते." मग नाक शिंकरलं आणि मला दम भरला, "तू तोंड उघडलंस तर बघ!"

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. गाडी खरंच अलगद चालली. काकांचा उजवा हात मांडीवर मोकळा होता. मावशीचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या हाताकडे जास्त होतं आणि मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते. परत आल्यावर दारात गाडी थांबली. आता हँडब्रेक ओढायची वेळ. पूर्वीची ती लांबलचक कर्रर्र आता होणार नव्हती. मावशीने एक खणखणीत खोकला काढला आणि त्या आवाजात हँडब्रेक ओढला. "अहो, लावताय ना?" काका उतरले. ठकठक झाली. तिने पाय काढला. मी हसू दाबायला खिडकीबाहेर तोंड केलं.

हे नाटक सुरळीत चालू राहिलं. पुढे एका सकाळी मी गेले, तर काका पायरीवर बसून एक नवा ठोकळा घासत होते. जुना झिजला होता. नवा त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला होता. दाब फार नव्हता, पण हात तिथे होता, कामाला लावलेला. मी शेजारी बसले.

"ब्रेक..." काका हळूच म्हणाले, "छान... झालाय."

मी गारच पडले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच... दिवशी." त्यांचे डोळे हसत होते. "एवढा खोकला... होतो का... तिला?"

"मग हा ठोकळा कशाला?"

काकांनी घासायचं थांबवलं. शब्द जमवायला त्यांना वेळ लागला.

"ब्रेकवर... विश्वास नाही तिचा. मी वाजवल्याशिवाय... पाय काढत नाही. बसून राहील बिचारी... गाडीतच." मग बोट ओठांवर ठेवलं. "बोलू... नकोस तिला."

मी मान हलवली. आतून चपलांचा आणि किल्ल्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ मावशीचा.

"अहो, उशीर होतोय! ठोकळा घेतलात का?"

"घेतला!" काका ओरडले, शाळेच्या मैदानावर ओरडायचे तसे, एका दमात.