गोठ्यातले डास कोणाचे?

बीडच्या बसस्थानकावर नेकनूरच्या गाडीत चढताना कंडक्टरने माझ्या जाळी लावलेल्या बरण्या न्याहाळल्या.

"मॅडम, ह्यात काय हाय?"

"अजून काही नाही. डास भरायचेत."

"मंग इतक्या लांब कशाला जाता? आमच्या घरी या की!"

डासांच्या जाती ओळखणं हा माझा व्यवसाय. सांगितलं की लोक आधी हसतात, मग नकळत हात खाजवतात. नेकनूरच्या पुढच्या एका गावात माणसं तापाने फणफणली होती, जनावरंही मलूल होती. ग्रामपंचायतीने खापर फोडलं ते सुमनबाईंच्या गोठ्यावर. आठ दिवसांत म्हशी गावाबाहेर हलवा, अशी नोटीस. डास तपासून अहवाल द्यायला मला पुण्याहून पाठवलं होतं. बाई एकट्या; गावाबाहेर म्हशी राखणार कोण? म्हशी विकल्या की पुन्हा ऊसतोड.

"चौदा वर्सं कोयता धरला, ताई," मला पाणी देत त्या म्हणाल्या. "आता न्हाई धरायची."

त्यांनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि घट्ट दही वाढलं. दिवस मावळताना मी डास ओढून घ्यायची नळी घेऊन गोठ्यात शिरले, तर आत धूरच धूर! बाईंनी गवऱ्यांवर लिंबाचा (कडुनिंबाचा) पाला टाकला होता. डास पसार, मी खोकून बेजार.

"पाव्हणीला डास चावले तर बरं दिसतं का?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी धूर केला नाही. म्हशी शेपट्या आपटत होत्या, बाई पदराने त्यांना वारा घालत होत्या आणि मी भिंतीवरचे डास नळीने ओढून घेत होते. भिंगाखाली सोंडेवर फिकट पट्टा दिसला. हा क्युलेक्स. जनावरांना चावतो, माणसांनाही सोडत नाही, आणि मेंदूज्वराचे विषाणू वाहून नेऊ शकतो. त्याची पैदास साचलेल्या पाण्यात होते. बाईंचा हौद मात्र दर दोन दिवसांनी घासलेला, लख्ख.

सकाळी मी साचलेलं पाणी शोधत निघाले. कपाशीच्या पलीकडे एक शेततळं होतं. प्लास्टिक फाटलेलं, वर हिरवा थर. ओगराळं बुडवलं तर अळ्यांची नुसती वळवळ. शेततळं माजी सरपंच अण्णांचं. मी अळ्या आणि कोश बरणीत भरले. दोन दिवसांनी बरणीत डास उडायला लागले. सोंडेवर तोच पट्टा.

बरणी घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. सुमनबाई सोबत होत्या.

"डास गोठ्यातच घावले ना?" अण्णा म्हणाले. "मंग तसंच लिहा."

"गोठ्यात ते जेवायला येतात. जन्मतात तुमच्या शेततळ्यात."

"वर फोन करावा लागंल, मॅडम."

"करा. नंबर मी देते."

सुमनबाईंनी नोटीस टेबलावर ठेवली. "ही तुमच्याजवळच ठिवा. म्हशी हलणार न्हाईत."

परतीच्या गाडीत मला स्वतःचीच लाज वाटत होती. भांडण नको म्हणून किती अहवालांत मी फक्त डासाची जात लिहिली आणि जागा लिहायची टाळली! या डासांत विषाणू आहेत की नाहीत, ते प्रयोगशाळा सांगेल. पण ते कुठे जन्मले हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. या वेळी अहवालाच्या पहिल्याच ओळीत शेततळ्याचा गट नंबर लिहिला आणि खाली सही केली.

पुण्यात आल्यावर आठवड्याने सुमनबाईंचा फोन आला.

"नोटीस काय अजून माघारी घेतली न्हाई. पण मुकादम (ऊसतोडीची टोळी जमवणारा) आलता."

"मग?"

"दारातूनच परत लावून दिला. थांबा, धार काढायची राहिलीय."