आतून उघडणारी जाळी

पोशीरच्या वाल्मिकचं दहिवलीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढ्यात वेल्डिंगचं मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या सळया. घरची भातशेती भाऊ बघतो. वाल्मिकचा हात पहिल्यापासून लोखंडावर बसला. गेल्या दहा-बारा वर्षांत आसपास कॉलेजं वाढली, तशी लोकांनी घरांवर मजले चढवले, मध्ये प्लायवूड घालून एका खोलीच्या दोन केल्या आणि शिकायला आलेल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. प्रत्येक खिडकीला जाळी हवीच. माकडं येतात, चोर येतात, आणि पोरींचे आईबाप खोली बघायला आले की आधी खिडकीची सळई हलवून बघतात. यातल्या निम्म्या जाळ्या वाल्मिकच्या हातच्या. "पहार लावून उचकटून दाखवा, नवी फुकट बसवीन," असं तो गिऱ्हाइकाला छाती पुढं काढून सांगायचा.

मार्चातल्या एका दुपारी मालोजीशेठच्या दोन मजली इमारतीतून धूर निघाला. जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी, तिला खेटून स्कूटर लावलेल्या. पेटीत ठिणगी उडाली आणि स्कूटरनं पेट घेतला. वर-खाली करायला तेवढा एकच जिना. बहुतेक पोरी कॉलेजात होत्या. पहिल्या मजल्यावर फक्त हिरू आणि सुरभी, दोघी नर्सिंगच्या. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून झोपल्या होत्या.

"वाल्मिक, ग्राइंडर आण रं! पोरी अडकल्यात!" गल्लीतून कुणीतरी दुकानाकडे ओरडत आलं.

वाल्मिक शिडी, ग्राइंडर, हत्यारांची पिशवी असं सगळं उचलून धावला. पण आग वाढू नये म्हणून वायरमननं डीपीवरचा फ्यूज आधीच काढला होता. गल्लीत कुठंच वीज नव्हती. विजेवर सळया कापणारं ग्राइंडर त्यानं तिथंच टाकलं आणि पहार घेऊन शिडी चढला. चौकटीत पहार घालून सगळं अंग टाकलं. भिंतीचा गिलावा पडला, जाळी हलली नाही. त्यानंच ती तशी बसवली होती.

हिरूनं दार लावून फटीत ओली चादर कोंबली होती. तिचं तोंड सळयांना चिकटलेलं. मागं सुरभी जमिनीवर बसून खोकत होती.

"काका, लवकर."

"कापतो गं. तू खाली बस, तोंडावर ओला कपडा धर."

मग हातकरवतीनं एक एक सळई. पहिलं पातं अर्ध्यात तुटलं, दुसरंही तुटलं. घामानं मूठ निसटत होती. तीन सळया खालून कापून झाल्यावर त्यानं त्या पहारीनं बाहेर वाकवल्या. हिरूनं आधी सुरभीला पुढं ढकललं, मग ती आली. खालचे लोक म्हणाले, सतरा मिनिटं लागली. वाल्मिकला काळवेळेचं भान नव्हतं.

तोवर बंब येऊन जिन्यातली आग विझली होती. बंबावरचा एक पिकल्या केसांचा माणूस वाकलेल्या जाळीकडे बघत म्हणाला, "कुणाची कारागिरी?"

"माझीच."

"आतून उघडणारा एक भाग ठेवायचा रं. माणूस बाहेर निघेल एवढा, आणि कुलूप नाय लावायचं."

"हे मला कदी कुणी बोललं नाय."

"तू कदी इचारलंस?"

त्या दिवसापासून वाल्मिकचं चित्त ठिकाणावर राहिना. जेवताना घास हातातच राहायचा. बायको, माधवी, म्हणायची, "अवो, भात गार झाला." पोशीरहून दहिवलीला येताना मोटारसायकलवर त्याची नजर रस्त्यावर कमी आणि खिडक्यांवर जास्त. ही आपली, ती आपली, ती कोपऱ्यावरचीही आपलीच. शेवटी त्यानं मापांची जुनी वही काढली. तिच्यात कुठल्या घराची कुठली खिडकी, सगळं लिहिलेलं होतं. वही पिशवीत घालून तो दारोदार फिरू लागला. "जाळीला आतून उघडणारी झडप करून देतो." काहींनी हो म्हटलं. काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. एक जण म्हणाला, "आदी तूच बंद करायला सांगायचास, आता उघडायला सांगतोस."

त्यातच कळलं, जळलेल्या इमारतीतल्या पोरींना मालोजीशेठनं आपल्या दुसऱ्या इमारतीत हलवलं. तिथल्या जाळ्याही वाल्मिकच्याच. सुरभीला घरच्यांनी परत पाठवलंच नाही, पण हिरू आली होती.

वाल्मिक शेठकडे गेला. शेठ ओटीवर पेपर वाचत होते.

"शेठ, आठ खिडक्या हायेत. दोन दिवसांचं काम."

"आणि पोरींच्या बापांना काय सांगू? चोराला वाट करून दिली म्हणून?"

"कडी आतून, तिच्यावर पत्र्याचं झाकण. बाहेरून हात पोचायचा नाय."

"मला नोटीस आलीय का? आली की बघू. जा तू."

वाल्मिक बाहेर आला, पण दुकानात जावेना. मोटारसायकल फिरवून तो डोंगराखालच्या वाडीत गेला. हिरूचा बाप चांगो कुडाच्या भिंतीला माती लिंपत होता. वाल्मिकनं काही लपवलं नाही. "जाळी मीच केलेली, दादा. तिच्यापायी तुमची पोर अडकली. आता हाय तिथंबी तसलीच जाळी हाय, जिन्याखाली गाड्याबी तशाच." चांगोनं मातीचे हात धुतले. मग विचारलं, "शेठ घरी कवा असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगो शेठच्या पायरीवर जाऊन बसला. चहा दिला तो घेतला नाही. "जाळी उघडती करा, जिन्याखालच्या गाड्या बाहेर काढा. नायतर पोरीची पेटी उचलतो." तोवर हिरूनं बाकीच्या पोरींच्या घरी फोन लावले होते. दुपारपर्यंत शेठचा फोन वाजत राहिला. चार वाजता त्यांनीच वाल्मिकला बोलावलं. "कर बाबा काय करायचं ते. माझं डोकं उठलं."

पहिली झडप बसवल्यावर वाल्मिकनं हिरूला ओढणीनं डोळे बांधायला सांगितले. "धुरात दिसत नाय, तू बघितलंयस. आता उघड."

तिनं चाचपलं. झाकण सापडलं, पण त्याखाली बोटं जाईनात. पत्र्याची कडा लागून बोट कापलं.

"नाय होत, काका."

वाल्मिकनं झाकण काढून कानशीनं कडा घासली, मधली फट वाढवली. पुन्हा नाही जमलं. कडी फार घट्ट होती. तिसऱ्यांदा कडी सरकली, पण झडप रंगानं चिकटली. चौथ्या वेळी झडप धाडकन उघडली आणि हिरूचा तोल जाता जाता राहिला. वाल्मिकनं तिचा हात धरला. ती हसली. त्याला मात्र हसू आलं नाही. उरलेल्या सातही खिडक्यांशी त्यानं तिथं राहणाऱ्या पोरींना उभं केलं, प्रत्येकीचे डोळे बांधले.

आता कुणी बंद जाळी मागितली की वाल्मिक काम घेत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. वहीतल्या तीन घरांनी अजून होकार दिलेला नाही. त्यातल्या एकानं तर कुत्रा सोडीन असं सांगितलंय. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी वाल्मिक त्या तिन्ही घरी जाऊन येतो.