चार हॉर्न, चार ताटं

इथले बहुतेक अनुभव 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' असे सुरू होतात आणि मला दरवेळी हसू यायचं. आता माझ्यावरच ती पाळी आलीय! मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवतो. देवळात जातो तो बायकोच्या धाकाने... यावरून काय ते समजा.

माझी सुमनकाकी खाडीकाठच्या एका गावात खानावळ चालवायची. तिथल्या जेटीवर कोळसा उतरायचा आणि दिवसभर ट्रक भरून हायवेकडे जायचे. काका गेल्यावर तिने या ड्रायव्हरांच्या जिवावरच घर चालवलं. जेटीवरून निघालेला ट्रक वळणावर आला की हॉर्न द्यायचा - जितके हॉर्न तितकी ताटं. ट्रक दारात येईपर्यंत भात वाढून तयार!

मग घाटावरच्या कारखान्यांनी कोळसा घेणं थांबवलं. आधी पंक्चरवाला गेला, मग गॅरेज, मग सलून. ट्रक भंगारात गेले, बाप्ये मुंबईला. कोळशाच्या धुळीला गाव उठता-बसता शिव्या घालायचं. आता दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र राहतात, पण घालायला माणसं कुठायत?

काकी मात्र रोज चूल पेटवायची. एक दिवस शेजारणीचा फोन आला, "तुमची काकी कोणी नसताना ताटं वाढत्येय. परवा चुलीपुढे चक्कर येऊन पडली. घेऊन जा हो तिला."

मी तिला आणायला गेलो तो मे महिना होता, भर दुपार. पडवीत बसलो होतो. सव्वा वाजता हॉर्न वाजला... एक, दोन, तीन, चार. ट्रकचाच, आणि जेटीकडून. मी तसाच उठून वळणापर्यंत गेलो. पलीकडची रस्त्याखालची मोरी आदल्या पावसाळ्यातच खचलेली. रस्ताच उरला नव्हता, तिथून सायकलसुद्धा आली नसती. खाडीत होडीही दिसेना. घाबरलो होतो, उगाच कशाला लपवू?

परत आलो तर काकीने चार ताटं मांडलेली.

"चार सांगितलानी ना रे? ऐकलंस ना तू पण?"

ती पदराला हात पुसत समोर येऊन बसली.

"गाव म्हणतो, म्हातारीला भ्रम झालाय. तू शिकलेला. वाजला असेल तर गिऱ्हाईक सोडून मी कुठे येत नाही. नाही वाजला म्हणालास तर आत्ता येत्ये तुझ्याबरोबर."

खरं सांगितलं असतं तर ती त्या ओसाड गावात एकटी, कधीतरी चुलीतच पडली असती.

"नाही काकी," मी म्हणालो, "काहीच वाजलं नाही."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चारही ताटांतला भात पुन्हा टोपात ओतलान, चुलीवर पाणी मारलान आणि पिशवी भरायला आत गेली.

प्रतिध्वनी, वारा, कोणाचा तरी चावटपणा... सगळी स्पष्टीकरणं लावून पाहिली, एकही बसत नाही. तो हॉर्न कुणी दिला, मला आजही माहीत नाही.

काकी आता आमच्याकडे असते. औषधं वेळेवर घेते, चक्कर नाही. पण कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून विचारते, "वाजली का रे? की मलाच वाटली?"

मी 'वाजली' म्हणतो. तरी ती गॅस बंद करत नाही. आधी माझ्या बायकोला विचारून येते.