शेवंताबाईंचा श्वास कुणी पुसला?

सोपानआप्पांवर अन्याय झाला तो २००४ च्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका होम थिएटरच्या दुकानात. त्यांच्या गेलेल्या बायकोचा श्वास तिथे पुसला गेला आणि दुकानदार त्याला सुधारणा म्हणत होता. आप्पांना त्या दुकानात मीच नेलं होतं. हे आधीच सांगून टाकतो.

आप्पा दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी राहायचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन कडेकडेने चालायचं, एकेका चाकावर ठोका द्यायचा आणि आवाजावरून तडा ओळखायचा, ही त्यांची उभ्या जन्माची नोकरी. ठोका देताना ते डोळे मिटायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "चाक नवं दिसलं की कान त्याच्या बाजूनं बोलतो. म्हणून बघायचंच न्हाई." घरीही तेच. कोण आलं ते पाठमोरे बसूनच ओळखायचे. एकदा मान न वळवता त्यांनी मला उजवी चप्पल शिवून घ्यायला सांगितली. बघतो तर अंगठा खरंच उसवत आला होता.

शेवंताबाई शिरूरजवळच्या न्हावरे गावच्या. तिथल्या विहारापुढच्या अंगणात त्या भीमगीतं गायच्या. त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट घरात होती आणि त्या गेल्यावर आप्पा रोज संध्याकाळी ती लावायचे. खरखर भरपूर. पण प्रत्येक कडव्याआधी बाई श्वास घ्यायच्या, त्यात दम्याची बारीक शीळ असायची. ती आली की आप्पांचा हात जागीच थांबायचा. टाळ्या वाजवणारेही त्यांना एकेक करून ठाऊक होते. ही हौसाक्का, हा दादू, त्याच्या कडेवर पोर हाय म्हणून मांडीवर थाप मारतोय. "सगळी बसल्यात अजून," म्हणायचे.

कॅसेट झिजत चालली होती. डिजिटल करून घ्या, असा धोशा मी लावला. गावोगाव चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो तेव्हा. नवं ते सगळं आपल्या बाजूचं वाटायचं. शेवटी कॅसेट शिरूरच्या त्या दुकानात दिली आणि काम झाल्याचा निरोप आल्यावर आप्पांना घेऊन गेलो.

दुकानदाराने आप्पांना पाच स्पीकरांच्या मधोमध बसवलं, दार लावून घेतलं. आवाज आला तो स्वच्छ, अगदी कानाशी. मी खूश झालो. आप्पांनी मात्र मिटलेले डोळे उघडले.

"ही श्वास घेत न्हाई."

एकामागून एक कडवी येत होती आणि मध्ये काही म्हणता काही नव्हतं. गाणं संपता संपता आमच्या पाठीमागून टाळ्या आल्या. आप्पा वळले. मागे कोरी भिंत.

"ही माणसं कोण? न्हावऱ्याची न्हाईत ही. आन् त्यो कोपऱ्यातला गाणं संपायच्या आधीच वाजवतोय. त्याला कसं ठावं, कुठं संपतंय ते?"

दुकानदार हसला. श्वास म्हणजे नॉइज, तो काढला. टाळ्या कॉम्प्युटरमधल्या, मागचे स्पीकर मोकळे राहू नयेत म्हणून. शिवाय सगळं हाय रेझोल्यूशन डिस्कवर भरलेलं, सोबत दिलेल्या साध्या सीडीच्या कितीतरी पुढचं. "आप्पा, हे हातोडीनं कळायचं न्हाई."

आप्पांनी त्याच गाण्याची साधी सीडी आणि ती भारी डिस्क पुढच्या दोनच स्पीकरवर आळीपाळीने लावायला सांगितली आणि पाठ करून बसले. भारी डिस्क खरंच भरदार वाटली. "ह्या डिस्कचा आवाज चढवलाय तुमी," आप्पा म्हणाले. "सारखा करा." सारखा केला, आणि फरक गेला. मग त्यांनी दुकानदारालाच पाठमोरं बसवलं आणि मी डिस्क बदलत राहिलो. कुठली भारी, कुठली साधी ते तो छातीठोकपणे सांगत गेला आणि चुकत गेला. बरोबर आलं तेही अंदाजाने.

"आता माझी कॅसेट द्या," आप्पा म्हणाले.

ती कचऱ्यात गेली होती. नवं तयार झालं की जुनं टाकायचं, हा तिथला रिवाज. ना विचारणं, ना सांगणं.

मी भांडलो. आप्पांनी ती डिस्क पिशवीत टाकली आणि दार उघडलं. त्यानंतर मात्र विहारात, आमच्या ओट्यावर, कुठेही बसले तरी ते भिंतीला पाठ लावूनच बसायचे. एसटीत शेवटचं बाकडं धरायचे. मी विचारलं तर हळूच म्हणाले, "ती मागची माणसं अजून उठली न्हाईत."

दोन वर्षांनी आप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाहुण्यांनी मायेपोटी, पुढेमागे पाच स्पीकर मांडून, तीच डिस्क लावली. टाळ्या आल्या तशा बायका एकेक करून मागे बघू लागल्या. मागे कुणीच नव्हतं. म्हातारी हौसाक्का उठून उभी राहिली. "बंद करा ते. शेवंता मेल्यावर बी दम घेईल. ही दुसरीच कोण हाय."

आप्पांची नातवंडं मात्र त्या दुसरीलाच आजी म्हणतात. त्यांनी खरी ऐकलेलीच नाही.

ती कॅसेट भरली तेव्हा न्हावऱ्याच्या त्या अंगणात आणखीही टेपरेकॉर्डर चालू होते, असं हौसाक्का सांगते. तेव्हा न्हावरेकरांनो, आज माळ्यावर चढा, खोकी उपसा. शेवंताबाईंची कॅसेट मिळाली तर कुठल्याही दुकानात नेऊ नका. खरखरीसकट, श्वासासकट, आहे तशी मला आणून द्या.